आईवडील दत्तक कसे असतील?

विचारणा अशी: एका ख्रिस्ती आत्मकथनाच्या मराठी अनुवादात लेखिका ‘माझे दत्तक आईवडील’ लिहिते, पुढे ‘दत्तकपणाचा आत्मा’ येतो. दोन्ही बरोबर आहेत का?

पहिलं चूक. दत्तक म्हणजे दिलेला. मूल दत्तक देतात, घेतात, ते दत्तक जातंही. आईवडिलांना कोणी कोणाला दिलं? माझ्या ओळखीचे एक प्राध्यापक म्हणतात, लक्षणा आहे, म्हणजे शब्द मूळ अर्थ सोडून जवळच्या अर्थाने वापरलाय. अहो, लक्षणेला रूढी लागते नाहीतर प्रयोजन. प्रयोजन शून्य, आणि रूढी म्हणाल तर ती घाईच्या अनुवादकांची.

‘दत्तकपणा’ बायबलचा, रोमकरांस पत्रातला (8:15). आणि इथे खरी गंमत आहे. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाचा मूळ ग्रीक शब्द ‘हुइओथेसिआ’. हुइओस म्हणजे पुत्र, थेसिस म्हणजे ठेवणं, बसवणं. त्यात देणारा कोणी नाहीच. लॅटिन ‘अडॉप्टारे’त निवडणं आहे, म्हणजे तिथेही सगळी नजर घेणाऱ्यावर. आता हा ग्रीक ‘थे’ आपल्या ‘धा’ धातूचा सख्खा भाऊ, निधान-विधानातला. म्हणजे आपल्या ‘दत्तविधान’ शब्दात देण्याचा ‘दा’ आणि ठेवण्याचा ‘धा’ शेजारी शेजारी बसलेत! मांडीवर दत्तक बसवायची आपली बोलायची रीतही पौलाला चटकन कळली असती. मला विचाराल तर बायबलात ‘दत्तविधान’च हवं होतं. ‘पणा’ लावला की शब्द मूळव्याधीसारखा वाटतो.

पण आपल्या शब्दात जो ‘दा’ आहे, तो सोडू नये. मनुस्मृती (9.168) दत्त्रिम, म्हणजे दत्तक, पुत्राची व्याख्या करतानाच सांगते: आई किंवा बाप त्याला ‘आपदि’, संकटात, देतात. संकट कोणाचं यावर टीकाकार भांडले. कोणी पुत्रहीन घेणाऱ्याचं म्हणतो, मिताक्षरा, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका, देणाऱ्याचं. मी मिताक्षरेच्या बाजूचा. पोटचं पोर देणाऱ्यावर संकट नसेल तर कोणावर?

हे पुस्तक मीही वाचलं, म्हणून चिडचिड जास्त. मार खाल्लेलं, उपाशी झोपलेलं बालपण, आणि लेखिका रडायच्या आत बायबलचं वचन हजर. दुखणं सांगून व्हायच्या आधीच क्षमा उरकते. निवडलं गेल्याचं कौतुक पानोपानी. जिने दिलं तिला दीड परिच्छेद. का दिलं, कोणत्या आपत्तीत, एका अक्षराने नाही. पुस्तक लॅटिनमधलं म्हणायचं!

हां, तुमचा प्रश्न. जिने वाढवलं तिला नुसतं ‘आई’ लिहा. दुसरीला मराठीत ‘जन्मदात्री’ आहेच. त्यातही ‘दा’ आहे.