पहिल्यांदा मुंबई, हातात दोन-तीन दिवस: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

सुट्ट्या जवळ आल्या की प्रश्न येतातच, मुंबई कधी बघितली नाही, दोन-तीन दिवस आहेत, कसं करू. मी मूळची वाशिमची, लग्न होऊन दादरला आले त्याला बावीस वर्षं झाली, तेव्हापासून गावाकडच्या किती पाहुण्यांना मुंबई दाखवली त्याचा हिशेब नाही. त्यातून जे कळलं ते सांगतेय. यावेळी पाच प्रश्न घेतले.

हिंगोलीहून एक ताई विचारतात: डिसेंबरमध्ये शनिवार-रविवार-सोमवार येतोय, आम्ही दोघं आणि दोन मुलं, १० आणि १३ वर्षांची. गेटवे, एलिफंटा, राणीची बाग, सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू, नॅशनल पार्क, फिल्मसिटी, इमॅजिका. गाडी बुक केली तर सगळं होईल ना?

ताई, नाही होणार, आणि गाडी तर अजिबात बुक करू नका. आधी यादीतून इमॅजिका काढा, ते थीम पार्क मुंबईत नाहीच, खोपोलीजवळ आहे, एक अख्खा दिवस तिथेच जाईल. मग मोबाईलवर नकाशा उघडा आणि मुलांनाही दाखवा. मुंबई ही उभी आहे, खाली टोकाला कुलाबा, वर दहिसर, मध्ये चाळीसएक किलोमीटर, आणि आडवी त्यामानाने फारच कमी. आपल्याकडे चाळीस किलोमीटर म्हणजे चहा पिऊन निघालं की जेवायला परत, इथे संध्याकाळी सहाला जुहूहून गेटवेला टॅक्सीने निघालात तर दीड-दोन तास आरामात जातात आणि पोरं गाडीतच झोपतात. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, किलोमीटर बघू नका, वेळ बघा, आणि एका दिवशी शहराचा एकच तुकडा धरा, दुपारी वर आणि संध्याकाळी परत खाली असं करायचं नाही.

तुमचे वार बघून मी असं लावलंय. शनिवारी परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतराल. उतरलात की घाईने बाहेर पडू नका, रस्ता ओलांडून समोर जा आणि मागे वळून त्या इमारतीकडे बघा. १८७८ साली काम सुरू झालं, १८८८ ला पूर्ण झालं, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि वरचे प्राणी-पक्षी, जाळ्या, तोंडं शोधायला मुलांना इतकं आवडतं की माझा भाचा अर्धा तास हलला नव्हता. लॉज याच भागात घ्या, सीएसएमटी किंवा फोर्ट. मग दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आणि संध्याकाळी चर्चगेटवरून चालत मरीन ड्राइव्ह ते गिरगाव चौपाटी. सूर्य तिकडेच मावळतो म्हणून संध्याकाळ मरीन ड्राइव्हला द्यायची. गेटवे पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे तिथे सकाळच खरी छान.

रविवारी तेच करा, सकाळी नऊच्या आधी गेटवेला पोचा आणि पहिल्या बोटींपैकी एक पकडून घारापुरी, म्हणजे तुमची एलिफंटा. सोमवारी लेणी बंद असतात म्हणून रविवारच, आणि रविवारी गर्दी म्हणून लवकर. बोटीला साधारण एक तास जायला, तेवढाच यायला, वर चढायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. आत ती तीन तोंडांची महेशमूर्ती आहे, वीस फूट उंच, फोटोत तिची उंची कळतच नाही, जवळ जाऊन मान वर करून बघितली की कळते. माकडांपासून मात्र सांभाळा, हातातली पाण्याची बाटलीसुद्धा ओढतात, खाऊ पिशवीतच ठेवा. परत येईपर्यंत दुपारचे दोन वाजतील, मग जेवून खोलीवर झोपा. खरंच झोपा, सुट्टीला आलाय.

सोमवारी लॉज सोडून बॅगा सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये ठेवा (बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं, कुलूप घरूनच आणा) आणि सकाळी सिद्धिविनायक. मंगळवार नाही हे तुमचं नशीब, मंगळवारी रांग कुठवर जाते ते विचारू नका. मग दादरला नाश्ता, प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष, तिथून सेंट्रल लाइनच्या धीम्या लोकलने भायखळा, राणीची बाग. ती बुधवारी बंद असते, सोमवारी चालू. पेंग्विन बघून झाले की सीएसएमटी तीनच स्टेशनं, संध्याकाळची गाडी निवांत मिळते.

हाजी अली, जुहू, नॅशनल पार्क, फिल्मसिटी हे पुढच्या खेपेला. समुद्र तर मरीन ड्राइव्हला बघून झालेला असतो. आणि एक, ६ डिसेंबरच्या आसपास महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, दादर पूर्ण भरलेलं असतं. दर्शनाला यायचं असेल तर त्याच दिवसासाठी जरूर या, पण नुसतं फिरायला येणार असाल तर तो आठवडा सोडून तारखा घ्या.

अकोल्याहून एक दादा: काका बदलापूरला राहतात, ते म्हणतात लॉजचे पैसे कशाला घालवता, इथेच उतरा. दोन दिवसच आहेत, फिरायचं सगळं साउथ मुंबईत. काय करावं?

दादा, नाजूक प्रकरण आहे, काकांचं मन मोडायचं नाही हे मलाही कळतं. पण हिशेब बघा, बदलापूर ते सीएसएमटी अडुसष्ट किलोमीटर, लोकलने दीड तासाच्या आसपास, आणि तेही सकाळी सगळे कामाला जाणारे लोक ज्या गाडीत असतात त्याच गाडीत, लहान मूल असेल तर ते कडेवर घेऊन. येऊन-जाऊन रोजचे तीन तास गेले, दोन दिवसांत सहा, म्हणजे जवळजवळ एक दुपार आणि एक संध्याकाळ गेली.

मी आमच्या पाहुण्यांना असं करायला सांगते: पहिली रात्र शहरात लॉजवर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांकडे, जेवण, गप्पा, झोप, आणि परतीची गाडी कल्याणवरून. नागपूरकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या कल्याणला थांबतात आणि बदलापूरहून कल्याण जवळ. काकांनाही घाईत पाय लावून गेलात असं वाटणार नाही. फक्त तिकीट काढतानाच बोर्डिंग कल्याण टाका. आणि बदलापूरला निघायची वेळ दुपारी चारच्या आत ठेवा, साडेपाचनंतर कर्जत-बदलापूर लोकलमध्ये बॅगेसकट चढणं नव्या माणसाने करूच नये.

नंदुरबारची एक मुलगी, वय २२: अंधेरीला इंटरव्ह्यू आहे, सकाळी ११ वाजता. एकटी येतेय, सकाळी बोरिवलीला उतरणार. लोकलची खूप भीती वाटते, व्हिडिओ बघून जास्तच. रिक्षाने जाऊ का?

बाळा, भीती वाटणं साहजिक आहे, मी पहिल्या महिन्यात दादरला तीन गाड्या सोडल्या होत्या आणि चौथीलाही नवऱ्याने हात धरून चढवलं. पण रिक्षा नको, त्या वेळी हायवेवर अडकलीस तर इंटरव्ह्यूची वेळ चुकेल. लोकलनेच जा, फक्त नीट निवडून.

बोरिवलीला इंडिकेटर बघायला शिक. त्यावर चार गोष्टी असतात: गाडीचं शेवटचं स्टेशन, धीमी की जलद, किती डब्यांची, किती मिनिटांत. विरारहून येणारी जलद गाडी सोडून दे, ती मागूनच भरून येते. बोरिवलीहूनच सुटणारी धीमी चर्चगेट बघ, ती रिकामी लागते. जलदच्या मानाने दहा मिनिटं जास्त जातील, जाऊ देत. कांदिवली, मालाड, गोरेगाव, राम मंदिर, जोगेश्वरी, मग अंधेरी. ही नावं तळहातावर लिहून ठेवलीस तरी चालेल.

लेडीज डबा कुठे येतो ते प्लॅटफॉर्मवरच्या खुणांवरून कळतं, नाहीच कळलं तर जिथे बायकांचा घोळका उभा आहे तिथे जाऊन उभी राहा. डब्यावर बाईचं चित्र असतं. तिथे फर्स्ट क्लासचा लेडीज डबाही शेजारीच असतो, आतून फार वेगळा दिसत नाही, सेकंडच्या तिकिटावर चुकून त्यात शिरलीस तर टीसी किमान अडीचशे रुपये दंड आणि वर भाडं घेतो, म्हणून चढायच्या आधी डब्यावरचा क्लासचा आकडा वाच. तिकीट मोबाईलवरही निघतं, पण पहिल्यांदा खिडकीवरून किंवा मशीनवरून कागदी काढ, नेट गेलं की धांदल होते.

आत गेल्यावर बायका विचारतील "कुठे उतरणार?" घाबरू नकोस, त्या चौकशी करत नाहीयेत, तुझी सीट आपल्याला कधी मिळेल ते बघतायत. खरं सांग, अंधेरी. तूही विचार, "अंधेरी कुठल्या बाजूला येतं?" लगेच दोन-तीन जणी हात दाखवतील. जोगेश्वरी आलं की उठायचं, दाराकडच्या रांगेत लागायचं आणि पुढच्या बाईला विचारायचं "अंधेरी उतरणार ना?" ती हो म्हणाली की तिच्या मागे राहायचं, नाही म्हणाली तर ती बाजूला होऊन तुला पुढे घेते. इतकंच आहे, रोज लाखो बायका असंच उतरतात. बॅग पाठीवर नको, पुढे पोटाशी. ओढणी आत खोचून घे. आणि गाडी हलली असेल तर चढायचं नाही म्हणजे नाही, इंटरव्ह्यू कितीही महत्त्वाचा असो, पाच मिनिटांत दुसरी येते.

दहाला अंधेरीला पोच, स्टेशनबाहेर चहा घे. पूर्व की पश्चिम हे पत्त्यात नक्की बघून ठेव, चुकीच्या बाजूला बाहेर पडलीस तर पुलावरून परत यायला वेळ जातो. इंटरव्ह्यू झाला की दुपार तुझी आहे, अंधेरीहून जुहू जवळ, रिक्षाने जा, चौपाटीवर तासभर बस. परत मात्र साडेचारच्या आधी अंधेरी सोड, संध्याकाळी बोरिवलीकडेच सगळी गर्दी असते. कशी झाली मुलाखत तेही कळव, मी वाट बघीन.

सांगलीहून एक गृहस्थ: आई ७२, वडील ७६, दोघांचेही गुडघे दुखतात. आईची इच्छा सिद्धिविनायकाची, वडिलांना 'मुंबई' बघायचीय. एक पूर्ण दिवस आहे. लोकल जमणार नाही.

आईवडिलांना आणताय हे वाचून फार बरं वाटलं. लोकल सोडा, घारापुरीही सोडा, पायऱ्या आहेत. तुमच्यासाठी मेट्रो ३ आहे, ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण चालू झाली, जमिनीखालून जाते, लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, एसी आहे. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, गिरगाव, महालक्ष्मी, सिद्धिविनायक, दादर, सगळी नावं या एकाच लाइनवर. फक्त स्टेशनं खोल आहेत आणि आत चालणं थोडं असतं, म्हणून लिफ्ट कुठल्या दाराला आहे ते आधी विचारा, चुकीच्या दाराने आत शिरलं की म्हाताऱ्या माणसांना उगाच फेरा पडतो.

सकाळी उजाडताच टॅक्सीने सिद्धिविनायक, त्या वेळी रस्ते मोकळे आणि रांगही लहान, मंगळवार आणि संकष्टी टाळा. ज्येष्ठांसाठी वेगळी रांग आहे का ते आत शिरताना सेवेकऱ्यांना विचारा. मग मेट्रोने हुतात्मा चौक. वडिलांच्या वयाच्या माणसाला तिथे नुसतं उभं राहिलं तरी खूप असतं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०५, पुढे १०६ हुतात्मे म्हणतात, ते त्यांनी लहानपणी ऐकलेलं असणार. माझ्या सासऱ्यांना नेलं होतं, त्यांनी चपला काढल्या आणि बराच वेळ हात जोडून उभे होते, आम्ही कुणीच काही बोललो नाही. तिथून टॅक्सीने गेटवे, बाकावर बसून समुद्र, आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हचा कट्टा, तो तर बसायलाच आहे. दुपारी दोन तास आडवं व्हायला खोली हवीच, ते पैसे वाचवू नका.

यवतमाळचे एक भाऊ: टॅक्सी-रिक्षावाले नवीन माणसाला फिरवतात म्हणे. आणि जुलैमध्ये आलं तर चालेल का, तेव्हा स्वस्त असतं.

जुलैचं आधी. पाऊस बघायला यायचं असेल तर जरूर या, मरीन ड्राइव्हला भरतीच्या लाटा बघण्यासारख्या असतात, कठड्यावर चढू नका एवढंच. पण यादी घेऊन फिरायचं असेल तर नको, मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की रुळांवर पाणी येतं, लोकल थांबतात, घारापुरीच्या बोटीही बऱ्याचदा बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगलं.

टॅक्सी-रिक्षाचं म्हणाल तर बहुतेक जण मीटरनेच चालतात, बसतानाच "मीटर टाका" म्हणा आणि मीटर पडलेला बघा. फेब्रुवारी २०२५ पासून कमीत कमी भाडं रिक्षाला २६ आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीला ३१ रुपये आहे, पुढे वाढलं असेल तर त्यावरून अंदाज घ्या. लांबच्या गाडीच्या टर्मिनसबाहेर जे अंगावर येऊन "कहाँ जाना है" विचारतात त्यांच्याशी बोलूच नका. तुमची गाडी कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला येत असेल तर हे जास्तच लक्षात ठेवा, कारण ते टर्मिनस लोकलच्या कुर्ला स्टेशनापासून लांब आहे आणि नवीन माणूस तिथेच गोंधळतो. हार्बर लाइनच्या लोकलचं टिळक नगर स्टेशन जवळ आहे, सामान कमी असेल तर चालत जाता येतं, नाहीतर प्रीपेड टॅक्सीची खिडकी शोधा.

आणि कुणी रिक्षावाला थेट दादर किंवा गेटवेला सोडतो म्हणाला तर बसू नका, रिक्षा बांद्रा आणि सायनच्या खाली येतच नाहीत, तिथे उतरून टॅक्सी किंवा बेस्टची बस धरावी लागते.