ग्रीक भाषेचं पहिलं व्याकरण कोणी लिहिलं?

सहसा नाव घेतलं जातं डायोनिसियस थ्रॅक्सचं. इ. स. पू. दुसऱ्या शतकातला, अलेक्झांड्रियातला होमरचा अभ्यासक ॲरिस्टार्कस याचा शिष्य. त्याच्या छोटेखानी पुस्तिकेत शब्दांच्या आठ जाती दिल्यात: नाम, क्रियापद, धातुसाधित, उपपद, सर्वनाम, शब्दयोगी, क्रियाविशेषण आणि उभयान्वयी. विशेषण वेगळं नाही, ते नामातच धरलंय. मात्र पुस्तिकेचा सुरुवातीचा भागच त्याचा, बाकीची भर नंतरची, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे आणि मला ते पटतं.

पण व्याकरणाचा विचार त्याच्याही आधीचा. प्लेटोने नाम आणि क्रिया वेगळ्या केल्या, स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांनी विभक्ती आणि काळांवर बरंच काम केलं. प्लेटोच्याही आधी प्रोटॅगोरस या विचारवंताने लिंगांचा विषय काढला होता. होमरच्या महाकाव्यातला 'क्रोध' हा शब्द स्त्रीलिंगी, तो पुल्लिंगी हवा, असं त्याचं म्हणणं! असल्या काथ्याकुटाची टर ॲरिस्टोफेनिस या विनोदी नाटककाराने इ. स. पू. ४२३ मधल्या 'क्लाउड्स' नाटकात उडवली. त्यात सॉक्रेटिस एका म्हाताऱ्याला शिकवतो, की कोंबडा आणि कोंबडी दोघांना एकच शब्द कसा चालेल? आणि कोंबडीसाठी नवा शब्द ठोकून देतो.

इथे पाणिनीशी तुलना हमखास निघते, पण हेतूच वेगळे. पाणिनी शब्द सिद्ध कसा होतो ते सूत्रांत बांधतो. अलेक्झांड्रियातल्या मंडळींना शतकांपूर्वीच्या होमरचा पाठ नीट लावायचा होता. वाक्यरचनेवर सविस्तर ग्रंथ हवा असेल, तर इ. स. दुसऱ्या शतकातल्या अपोलोनियस डिस्कोलसकडे जावं लागतं.