‘औटघटकेचे’ मंत्रिमंडळ म्हणावे का?

ऑस्ट्रेलियातील १९०४ सालच्या वॉटसन मंत्रिमंडळाला ‘औटघटकेचे’ म्हणणे योग्य आहे का, आणि यातील ‘औट’ म्हणजे इंग्रजी ‘आउट’ तर नव्हे ना, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘औट’चा इंग्रजीशी काहीही संबंध नाही. त्याचा अर्थ साडेतीन. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’ हा शब्द प्राकृतातून येता येता झिजून ‘औट’ झाला. पावकी-निमकीबरोबर पाठ केली जाणारी औटकी हा साडेतीनचाच पाढा होय, आणि संतवाङ्मयातला ‘औट हात’ देहही साडेतीन हातांचाच. घटका चोवीस मिनिटांची, म्हणून औट घटका ८४ मिनिटांच्या होतात. पण वाक्प्रचारात हा हिशेब अभिप्रेत नसतो. हाती येते न येते तोच निसटणारी सत्ता, एवढाच त्याचा भाव, आणि त्यात थोडी हेटाळणीही असते.

ही हेटाळणीच मला येथे खटकते. सहा वसाहतींचे संघराज्य १ जानेवारी १९०१ रोजी अस्तित्वात आले, आणि त्यानंतर साडेतीन वर्षेही झाली नव्हती तोच, २७ एप्रिल १९०४ रोजी, पेशाने छापखान्यातील जुळारी असलेले ख्रिस वॉटसन पंतप्रधान झाले. राष्ट्रीय पातळीवर मजूर पक्षाचे सरकार येण्याची जगातील ही पहिलीच वेळ होती. तीन पक्षांपैकी कोणाकडेच बहुमत नव्हते. औद्योगिक लवादाच्या विधेयकात कामगार संघटनांच्या सभासदांना नोकरीत प्राधान्य देणाऱ्या कलमावर सरकार हरले, आणि गव्हर्नर-जनरल लॉर्ड नॉर्थकोट यांनी (हे त्याआधी मुंबईचे गव्हर्नर होते) संसद विसर्जित करण्यास नकार दिल्यामुळे ऑगस्टमध्ये वॉटसन यांना पायउतार व्हावे लागले. मात्र ते विधेयक पुढच्या, रीड यांच्या सरकारच्या काळात, त्याच वर्षी संमत झाले.

म्हणून केवळ कालावधी सांगायचा असेल तर ‘अल्पजीवी’ लिहावे. सरकार का टिकले नाही हेही सुचवायचे असेल तर ‘अल्पमतातील’ हा शब्द अधिक नेमका ठरतो. ‘काळजीवाहू’ मात्र येथे साफ चुकीचे आहे. राजीनाम्यानंतर नवी व्यवस्था होईपर्यंत कारभार पाहणाऱ्या सरकारला ते विशेषण लागते, आणि वॉटसन यांच्याकडे पूर्ण अधिकार होते.