ओल आधी, रंग नंतर

या वेळच्या पत्रांत बेडरूम आणि बाथरूम यांचीच गर्दी आहे. आयुष्य बांधकामाच्या साइटवर सुपरवायझरी करण्यात गेलं, त्यामुळे उत्तरं जरा रोखठोक वाटतील. रागावू नका.

प्रश्न : आमच्या बेडरूमला लागूनच बाथरूम आहे. दोन्ही खोल्या सुट्टीत आम्ही नवरा-बायको मिळून नव्या करणार आहोत. मधल्या भिंतीला बेडरूमच्या बाजूनं, जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पोपडे धरतात. खरवडून पुन्हा रंग दिला तरी काही महिन्यांत तेच. आता ओल थांबवणारा म्हणून मिळतो तो महागडा रंग आणून ठेवलाय. आधी बेडरूम उरकली तर चालेल ना? निदान झोपायची खोली तरी नीट होईल.

नाही चालणार. तो डबा न उघडता सावलीत ठेवून द्या. पाणी भिंतीच्या मागून येतंय आणि तुम्ही रंग लावणार पुढून. मागचं पाणी आणि त्यासोबत येणारे क्षार रंगाला आतून ढकलत राहतात. रंग जितका चिवट, तितका पोपडा मोठा निघतो.

बाथरूममधून ओल येत असावी असं दिसतंय, पण बाथरूममधल्या नेमक्या कशातून, हे कळेपर्यंत छिन्नीला हात लावू नका. शक्यता तीन. भिंतीतली पाण्याची लाइन, फरशीचे आणि कोपऱ्यांचे सांधे, नाहीतर सांडपाण्याचा ट्रॅप, म्हणजे जाळीखाली थोडं पाणी अडवून ठेवणारा भाग, आणि त्याचा पाइप. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत आणि खर्चही.

बेडरूमच्या भिंतीवर ओलीची कड पेन्सिलीनं आखा, शेजारी तारीख टाका. मग बाथरूमचा वापर थांबवा आणि तिथला व्हॉल्व्हही बंद करा. डाग आत सरकायला लागला, की एकेक गोष्ट सुरू करायची. आधी नुसता व्हॉल्व्ह उघडायचा, नळ एकही नाही. एवढ्यावर ओल पेन्सिलीच्या रेघेबाहेर आली, तर दोष लाइनचा. नाही आली, तर ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून फरशीवर दोन बोटं पाणी भरून ठेवा. तेही निर्दोष निघालं, तर पाइपनं थेट ट्रॅपमध्ये पाणी सोडा, फरशी कोरडी ठेवून. प्रत्येक पायरीला काही दिवस द्या, कारण भिंतीतून पाणी झिरपायला वेळ लागतो. आणि बाथरूम पूर्ण बंद असूनही डाग तसूभर हलला नाही, तर बाथरूमला उगाच बदनाम करू नका. बाहेरची भिंत, वरचा मजला, तळमजला असेल तर जमीन, तिकडे बघा.

माझा अंदाज विचाराल तर फरशी आणि भिंत जिथे मिळतात तो सांधा. तसं निघालं तर फरशी उखडावी लागेल. जुन्या टाइल्सवर नव्या चिकटवायचा मोह होईल. जुन्या टाइल्स ठोकून पाहिल्यावर कुठेही पोकळ वाजत नसतील तर तसं करता येतंही, पण ते रूप बदलण्यासाठी. खालून जाणारं पाणी त्यानं थांबत नाही. वर फरशी बोटभर उचलली जाते, दार घासायला लागतं, आणि ट्रॅपची जाळी खड्ड्यात जाते.

उखडल्यावर क्रम असा. पाइप जिथे फरशीतून किंवा भिंतीतून आरपार जातात तिथली भेग मोकळी करून न आकसणाऱ्या ग्राउटनं, म्हणजे फटी बुजवायच्या सिमेंटच्या लगद्यानं, भरायची. कोपऱ्यांना सिमेंटची गोलाई द्यायची, कारण त्यावर येणारं वॉटरप्रूफिंगचं कोटिंग काटकोनातच फाटतं. कोब्याला ट्रॅपकडे मीटरमागे १० ते १२ मिलिमीटर ढाळ हवा. तो तपासायची सोपी रीत सांगते. एक मीटरची सरळ पट्टी घ्या, ट्रॅपकडच्या टोकाखाली १० मिलिमीटरचा तुकडा ठेवा आणि वर लेव्हल ठेवा. बुडबुडा मध्ये आला की ढाळ बरोबर.

मग वॉटरप्रूफिंग. पावडर आणि द्रव मिसळून करायचं सिमेंट-पॉलिमर कोटिंग घरच्या माणसाला ब्रशनं सहज जमतं. पृष्ठभाग ओलसर हवा, पण पाणी साचलेलं नको. पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. भिंतीवर चहूबाजूंनी ३०० मिलिमीटरपर्यंत चढवा, शॉवरच्या भागात १.८ मीटरपर्यंत. आणि उंबऱ्याखाली! सगळे तिथेच विसरतात, आणि पाणी बरोबर तिथूनच बेडरूमच्या फरशीखाली शिरतं. कोटिंग पाकिटावर दिलेल्या मुदतीइतकं मुरू द्या, मग ट्रॅप बंद करून पाणी भरा आणि पातळीवर खूण करा. २४ तास तरी ठेवायचंच. मी ४८ च्या आत कुणाला टाइल लावू दिली नाही. थोडं पाणी हवेत उडून जातं, त्याला घाबरू नका. पेन्सिलीची रेघ मात्र रोज बघा.

आता कुठे बेडरूम. सैल रंग, पुट्टी, भुसभुशीत प्लास्टर सगळं खरवडून भिंत उघडी ठेवा. पांढरा खार कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका. धुतलात की तो विरघळून परत आत जातो. भिंत वाळायला इंचभर जाडीला महिना असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे एका सुट्टीत दोन्ही खोल्या होणार नाहीत हे आत्ताच मान्य करा. झाली का कोरडी, हे बघायला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीवर चिकटवा. दुसऱ्या दिवशी भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर अजून थांबा. पुट्टी, प्रायमर आणि रंग ही कामं दोघांत चार दिवसांची आहेत. छत आधी, भिंती नंतर, एवढं सांभाळा.

प्रश्न : मी एकटी राहते. बाथरूमच्या टाइल्स स्वतः लावायच्या आहेत. मुलगा म्हणतो, “आई, ते तुझं काम नाही.” खरंच नाही का?

मुलाला सांगा, टाइल लावायला लागते ती चिकाटी. ती तुमच्यात त्याच्यापेक्षा जास्त असणार. फक्त सुरुवात शॉवरच्या भिंतीपासून करू नका. बेसिनमागची भिंत घ्या, तिथे चूक झाली तरी गळती होत नाही.

टाइल्स १० टक्के जास्त आणा आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, ते घरी येण्याआधी पाहा. भिंतीचा मध्य काढून टाइल्स आधी कोरड्याच मांडून बघा. एका टोकाला दोन बोटांची चिंधी उरत असेल तर मध्यरेषा अर्धी टाइल सरकवा. खालची पहिली रांग फरशीवर टेकवून सुरू करू नका, फरशी कधीच पूर्ण लेव्हलमध्ये नसते. दुसऱ्या रांगेच्या उंचीवर लेव्हलनं सरळ पट्टी ठोका, तिच्यावरून वर जा. खालची रांग शेवटी कापून बसवा.

टाइल ॲडेसिव्ह थोडं थोडं कालवा. भिंतीवर पसरल्यावर साधारण २० मिनिटांत त्यावर साय धरते, मग टाइल चिकटल्यासारखी वाटते आणि वर्षभरात सुटते. दातेरी थापीच्या रेघा एकाच दिशेनं ओढा. अधूनमधून नुकती लावलेली एखादी टाइल उचकटून मागे बघा. पाठ सगळीकडे माखलेली हवी. मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ थर द्या. फटींसाठी २ किंवा ३ मिलिमीटरचे स्पेसर, ग्राउट दुसऱ्या दिवशी. दोन भिंतींच्या कोपऱ्यात आणि फरशीच्या कडेला ग्राउट भरायचा नाही, तिथे बुरशीरोधक सिलिकॉन. त्या जागा किंचित हलत असतात, ग्राउटला तडा जातोच. टाइल कापताना चष्मा आणि चांगला मास्क लावा, त्या धुळीत सिलिका असतो. पाणी टाकून कापलंत तर आणखी बरं.

प्रश्न : खर्च वाचवायला प्लंबिंग आणि गीझरचं वायरिंगही स्वतःच करावं म्हणतो. व्हिडिओ बघून कळतं सगळं.

दिसणारं प्लंबिंग करा. नळ, अँगल व्हॉल्व्ह, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, जेट स्प्रे. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळा, उलट गुंडाळली तर पिळताना सुटते. भिंतीत गाडलं जाणारं सगळं जाणत्या प्लंबरकडून करून घ्या, पण तुम्ही तिथे उभे राहा. प्लास्टरआधी लाइन दाबाखाली तपासून घ्या. डायव्हर्टरची, म्हणजे पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या भिंतीतल्या व्हॉल्व्हची, खोली ठरवताना प्लास्टर, कोटिंग, ॲडेसिव्ह आणि टाइल यांची जाडी बेरजेत धरली का, ते विचारा; नाहीतर मूठ एकतर बसत नाही किंवा भिंतीबाहेर लोंबते. भिंत बुजवण्याआधी शेजारी मेजपट्टी धरून प्रत्येक पाइपचा फोटो काढा. पुढे आरसा टांगायला भोक पाडाल तेव्हा माझी आठवण येईल.

वायरिंग मात्र नाही. ओल्या अंगाचा विजेला होणारा विरोध फार कमी होतो, म्हणून इतर खोल्यांत नुसता चटका देणारा दोष बाथरूममध्ये जीव घेतो. काम इलेक्ट्रिशियनकडे द्या, गीझरला स्वतंत्र लाइन आणि पक्कं अर्थिंग मागा, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारी कळ, आहे याची खात्री करा. तिच्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघणं, एवढं काम तुमचं.

प्रश्न : आमच्या नव्या बाथरूममध्ये वास येतो. ते फारसं वापरात नाही.

ट्रॅपमधलं पाणी सुकलंय. तिथे साधारण ५० मिलिमीटर पाणी अडून राहतं आणि तेच गटाराचा वायू थोपवतं. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. तरी वास राहिला तर कमोडच्या बुडाचा सांधा तपासा.

प्रश्न : काम झालं, पण टाइल्सवर सिमेंटचे डाग राहिलेत. ॲसिडनं निघत नाहीत. त्यात ब्लीच मिसळलं तर?

मुळीच नाही! ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो फुप्फुसं जाळतो. आधी लावलेलं ॲसिड भरपूर पाण्यानं धुऊन काढा. मग सिमेंटचे डाग काढण्यासाठी मिळणारा सौम्य क्लीनर घ्या, आधी कोपऱ्यातल्या एका टाइलवर लावून बघा. दार-खिडकी उघडी, हातात रबरी मोजे. संगमरवर असेल तर कुठलंही ॲसिड नको, लिंबूसुद्धा नाही; चकाकी गेली की पुन्हा पॉलिशच करावं लागतं. ॲसिड आणि ब्लीचच्या बाटल्या एका फळीवर शेजारी ठेवू नका.