प्रवासात मोटार स्वच्छ ठेवण्यासाठी काय न्यावे?

प्रश्न : मे महिन्यात आम्ही चौघे जळगावहून मोटारीने तोरणमाळला जाणार आहोत. डिकीत जागा बेताचीच असल्याने गाडी पुसण्यासाठी कमीत कमी काय सोबत घ्यावे? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : झाकणाचा एक छोटा डबा पुरेल. त्यात वेगवेगळ्या रंगांची तीन मायक्रोफायबर फडकी ठेवावीत, म्हणजे काचेचे, आतल्या भागाचे आणि बाहेरच्या पत्र्याचे फडके एकमेकांत मिसळणार नाही. सोबत पाण्याची फवारणी बाटली, पातळ केलेला कार शाम्पू, एसीच्या जाळीसाठी मऊ ब्रश आणि कचऱ्यासाठी दोन पिशव्या घ्याव्यात.

आपल्याकडील धूळ बारीक असली तरी तिच्यात वाळूचे कण असतात. त्यामुळे कोरड्या फडक्याने बॉनेट पुसल्यास रंगावर गोल गोल ओरखडे उठतात, आणि ते उन्हात अधिकच उठून दिसतात, म्हणून आधी पाण्याने धूळ सैल करावी. रात्रीच्या प्रवासात काचेवर चिकटलेले किडे खरवडू नयेत. ओले फडके पाच मिनिटे त्यांच्यावर पसरून ठेवले की ते अलगद निघतात. भांडी घासण्याचा साबण मात्र आवर्जून टाळावा, कारण त्याने रंगावरील मेणाचा थर निघून जातो.

खानदेशातील मे महिन्याचे ऊन लक्षात घेता दाबाखालचे स्प्रेचे डबे बंद गाडीत कधीही ठेवू नयेत, कारण उष्णतेने ते फुटू शकतात. गाडी पुसण्याचे कामही सकाळी, पत्रा थंड असतानाच उरकावे.