सही म्हणजे कर्ज

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. मैत्रिणीच्या नवऱ्याला मालवाहू टेम्पो घ्यायचाय, पतसंस्था पाच लाख द्यायला तयार आहे, एक पगारदार जामीनदार तेवढा कमी पडतोय, आणि "तुला काही भरायचं नाही गं, सही कर फक्त" असं ती म्हणाली. मैत्री न तुटता नाही कसं म्हणायचं, हा तुझा प्रश्न. आधी नाही का म्हणायचं ते पक्कं कर. नाहीतर तिचा आवाज जरा ओला झाला की तू विरघळशील.

सही म्हणजे कर्ज. करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्या दारात या" असं संस्थेला सुनावता येत नाही. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच हा मुद्दा निकालात काढलाय. दुसराही एक जामीनदार आहे म्हणून तुझ्यावर निम्मंच येईल, ही समजूतही चुकीची. तुम्हा दोघांचा निम्मा-निम्मा हिशेब तुमच्या आपसातला. संस्था सगळी रक्कम जो हाताशी सापडेल त्याच्याकडे मागते.

आणि हाताशी कोण सापडतं? टेम्पो दुसऱ्या तालुक्यात जाऊन उभा राहतो, नवरा फोन उचलत नाही, तुझा पगार मात्र दर महिन्याला त्याच खात्यात येतो. पतसंस्था पगारदार जामीनदारासाठी अडून बसते ती याचसाठी. हप्ते थकले की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली ती वसुली दाखला मिळवते. दिवाणी दाव्याची वाट बघावी लागत नाही. त्या दाखल्यावर कर्जदाराबरोबर जामीनदाराचंही नाव असतं. कागदांच्या गठ्ठ्यात पगारकपातीचं संमतीपत्रही असतं आणि बहुतेक जण ते न वाचताच सही करतात. सह्या केलेले कोरे धनादेश मागितले तर आणखी एक फास. धनादेश न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट या वेगळ्या कायद्याच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि जामीनदाराचा धनादेश त्यातून सुटत नाही.

आता आकडे बघ. पाच लाख, १४ टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ११,६३५ रुपये. तुझ्या हातात बत्तीस हजार येतात. त्यातून खोलीभाडं, डबा आणि गावी पाठवायचे पैसे वजा करून हा हप्ता साठ महिने भरता येईल का, हे कागदावर मांड. येत असेल तर सही कर, माझी हरकत नाही. येत नसेल तर सही करायचा तुला अधिकारच नाही, कारण सही म्हणजे कर्ज. हे कोरडं वाटतं, ठाऊक आहे. मला तसं म्हणणारे पुष्कळ आहेत, म्हणोत बापडे. गोड बोलून सही देणारे आणि नंतर तोंड चुकवत फिरणारे मला जास्त कोरडे वाटतात.

शिवाय हे कर्ज तुझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुझ्या कर्जांच्या नोंदीत, "जामीनदार" म्हणून दिसू शकतं. उद्या तू घरासाठी अर्ज केलास की बँक याबद्दल विचारेल. "पुढच्या वर्षी नाव काढून घेऊ" हेही खरं नाही. संस्थेने लेखी मान्य केल्याशिवाय आणि बहुधा बदली जामीनदार दिल्याशिवाय नाव निघत नाही. कर्जदार वारला तरी तू सुटत नाहीस. तू भरलेले पैसे त्याच्याकडून वसूल करायचा हक्क कायदा देतो, पण ज्याने पतसंस्थेला दिले नाहीत तो तुला कुठून देणार?

आता नाही कसं म्हणायचं. कारण देऊ नकोस. "बाबा नको म्हणतात" म्हटलंस की ती बाबांना फोन करेल. "मला घर घ्यायचंय" म्हटलंस की "तोवर फिटतंय गं" असं उत्तर येईल. एकच वाक्य बोल: "मी कुणालाच जामीन राहत नाही." तिने पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच, शब्द न बदलता. मेसेजवर नको, फोनवर किंवा भेटून सांग, आणि याच आठवड्यात. "बघते", "विचार करते" म्हणत दिवस काढलेस तर तुझ्या भरवशावर फाइल पुढे सरकते, ती टेम्पोचा बयाणा देऊन बसते आणि मग तुझा नकार खरोखरच दगा ठरतो. ती रुसेल. रुसू दे.

नुसतं नाही म्हणून उठू नकोस, हेही तितकंच खरं. मैत्रीण आहे ती. तिच्या नवऱ्याला घेऊन एक संध्याकाळ बस आणि टेम्पोला महिन्याला मिळणारं भाडं, डिझेल, टायर, विमा, हप्ता असं सगळं मांड. भाडं बांधलेलं नसेल तर हिशेब तिथेच कोसळेल, आणि ते तिलाही आत्ताच कळलेलं बरं. हिशेब बसला तर छोट्या धंद्यांना कर्ज देणाऱ्या सरकारी मुद्रा योजनेचा अर्ज भरून दे. पाच लाखांपर्यंतचं कर्ज तिथे किशोर गटात बसतं आणि तारण लागत नाही. वाहनकर्जात टेम्पोच तारण असतो, आरसीवर बोजा चढतो. सुरुवातीला स्वतः भरायची रक्कम वाढवली तर जामिनाची अट सैल होते का, ते त्यांनी विचारावं. घरात सोनं असेल तर सोनेतारणाला जामीनदार लागत नाही.

आणि पैशानेच मदत करायची असेल तर बुडाले तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम दे. दहा हजार, पंधरा हजार. खात्यातून खात्यात पाठव. वीस हजार किंवा त्याहून जास्त उसने रोखीने देणं-घेणं प्राप्तिकराच्या नियमात बसत नाही.

एक गोष्ट तू पत्राच्या शेवटी हळूच लिहिलीस, की पगारपत्रक आणि आधारची झेरॉक्स तिला आधीच दिली आहेस. का दिलीस? असो. झेरॉक्स म्हणजे जामीन नव्हे, पण ती फाइलला लागली की पुढची सही "राहिलेली" वाटायला लागते. उद्याच शाखेत जा. व्यवस्थापकाच्या नावे चार ओळींचं पत्र दे: या कर्जास जामीन राहण्यास मी संमती दिलेली नाही, माझी कागदपत्रं वापरू नयेत, ती परत करावीत. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घे. तुझ्या कार्यालयात पगार काढणाऱ्या बाबूलाही सांगून ठेव, की पगारकपातीचं हमीपत्र मागायला कुणी आलं तर मला विचारल्याशिवाय देऊ नका. दोन-तीन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून बघ. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. हे कर्ज त्यात दिसलं तर शिक्क्याची प्रत घेऊन ये माझ्याकडे.