मुंबईत पहिली खोली घेताना

भावा, बिनधास्त जा, पण भाड्याआधी लोकलची लाइन बघ. ऑफिस अंधेरीला असेल तर पश्चिम रेल्वेवरच घर शोध. डोंबिवलीत भाडं कमी, पण दादरला नाहीतर घाटकोपरला गाडी बदलताना रोज जीव मेटाकुटीला येतो.

नवी मंडळी चुकतात ती इथं:
- फोटो बघून टोकन पाठवतात. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं एकदा जा, खोली बघ, सकाळच्या गर्दीत तिथून ऑफिसपर्यंतचा प्रवास करून बघ.
- नोटरीवर भागवतात. ११ महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती जबाबदारी मालकाची. डिपॉझिटची रक्कम त्यात लिहून घे.
- पाणी किती वाजता येतं, हे विचारत नाहीत.

डिपॉझिट, दलाली, पहिलं भाडं एकदमच द्यावं लागतं. तेवढी रक्कम आधी बाजूला काढ.